भिंतीलगतचं सरपण

अकली लाकडं कापायला येणार हे कळल्यापासून तिझिरीनं स्वयंपाकघराची उताराकडची खिडकी उघडली नव्हती. शुक्रवारी सकाळीही ती बंदच होती. आत कांद्या-मटणाची वाफ कोंडली होती, कुसकुसाचं भांडं चुलीवर धुसफुसत होतं आणि फेरूजाचा जीव गुदमरत होता. पण खिडकी उघड, असं सुनेला म्हणायचं धाडस काही तिला झालं नाही. खाली ऑलिव्हच्या वाडीत करवतीचं मशीन चालू होतं. आवाज वाढला की तिझिरीच्या हातातली सुरी थांबायची. आवाज उतरला की पुन्हा चालायची.

"किती जणांचं करायचं?" तिझिरीनं विचारलं.

"बुसाद आहे. जूहर येईल. तुझा भाऊ मोक्रान. आपण दोघी, पोरं..." फेरूजा जराशी अडखळली. "आणि अकली."

"त्याचं ताट खाली पाठवा, येम्मा. वाडीतच."

"पाठवते."

नवरा जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि सासूला 'येम्मा', म्हणजे आई, म्हणणाऱ्या या मुलीनं तिच्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. थोरला दीर अकली मात्र तिच्या लेखी मेला होता. पूर्वी 'दाद्दा, दाद्दा' म्हणत त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवणारी तिझिरी आता त्याचं नावही घेत नसे. नुसतं 'तो' म्हणायची.

ऑगस्टमध्ये आग दरीतून वर आली होती. फेरूजाच्या धाकट्या मुलानं, बेलाईदनं, आईला, तिझिरीला आणि दोन्ही पोरांना वरच्या शाळेपर्यंत पोचवलं आणि तो मागे फिरला. घराच्या मागच्या भिंतीला सरपणाची छातीएवढी रास लागलेली होती. एक ठिणगी तिथं पडली की घर गेलं, हे त्याला ठाऊक होतं. लोखंडी दंताळ्यानं तो लाकडं ओढून काढत होता तेव्हा राशीनं पेट घेतला, आणि थोड्याच वेळात मागच्या खोलीचं छत खाली आलं. घराचा पुढचा भाग वाचला. बेलाईद दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

सुतकाच्या पहिल्याच दिवशी तिघिल्त गावातल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, की भिंतीला चिकटून सरपण लावायचं खूळ कुणाचं? या घराची लाकडं वर्षानुवर्षं खळ्यावर असायची, दारापासून चाळीस पावलांवर. फेरूजाच्या म्हाताऱ्यानं जिवंतपणी एक ओंडका कधी भिंतीजवळ येऊ दिला नाही. तो जाऊन दोन वर्षं होतात न होतात, तोच ही रास आली कुठून? आणि मग मोठा मुलगा अकली, जो खालच्या गावात राहतो आणि स्वतःच्या ट्रकमधून आईसाठी लाकडं आणतो, तो पुरुषांमध्ये उभा राहून म्हणाला होता, "मी लावली."

फेरूजा तेव्हा आत बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिनं ते शब्द ऐकले होते. आणि ती गप्प राहिली होती.

कारण लावली अकलीनंच होती, पण लावायला सांगितली होती तिनं. गेल्या वर्षी याच दिवसांत. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात खळ्यावरून लाकडं आणताना ती बर्फावर घसरली होती आणि मनगट मोडून घेतलं होतं. ट्रक आला तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली होती, "खळ्यावर नको रे. इथं मागच्या भिंतीला लाव. हात लांबवला की मिळेल." बेलाईद संध्याकाळी रस्त्याच्या कामावरून परतला आणि रास पाहून अकलीवर चिडला. "उन्हाळ्यापर्यंत उरली तर?" अकली हसला होता. "उरायला लाकडं पुरली तर पाहिजेत!" आणि नेमका तो हिवाळा ऊबदार निघाला. अर्धी रास तशीच राहिली.

वसंतात आणखी एक गोष्ट घडली होती. ती अकलीलासुद्धा ठाऊक नव्हती. बेलाईद एका सकाळी बाही सरसावून रास हलवायला निघाला होता. फेरूजानं त्याला अडवलं. "राहू दे ना. सहा-सात महिन्यांनी पुन्हा इथंच आणावी लागतील." तो क्षणभर उभा राहिला, मग खांदे उडवून कामाला गेला.

तेवढंच. इतकी साधी गोष्ट. ती गेल्या अकरा आठवड्यांत फेरूजानं हजारदा आठवली होती. त्यानं खांदे उडवले ती ढब, बाही खाली केली तो हात.

"येम्मा, करपतंय," तिझिरी म्हणाली.

जूहर आली ती बोलतच. फेरूजाची ही लेक पलीकडच्या गावात दिलेली. तिचा आवाज आधी येतो, मागून ती येते, असं तिचा बाप म्हणायचा. हातातली अंजिरांची पाटी खाली ठेवून तिनं आधी तिझिरीला पोटाशी धरलं, मग खिडकीकडे बघितलं, मग आईकडे.

"आला वाटतं."

"सकाळी सहालाच आलाय," फेरूजा म्हणाली.

"कापू दे. निदान तेवढं तरी करावं." जूहर पाटावर बसली. "माझा नवरा म्हणत होता, मी नाही येणार त्याच्याबरोबर कुऱ्हाड धरायला. मी म्हटलं, नको येऊस. पण लाकडं नको का? परवाच्या साली अकरा दिवस रस्ता बंद होता. गॅसचा सिलिंडर कुणी पाठीवरून आणणार होतं का? तान्ह्याला काय नुसत्या पांघरुणावर ठेवायचं?"

"ही लाकडं मला घरात नको होती," तिझिरी हळूच म्हणाली. "त्याच आगीतली."

"मग कोणती आणणार गं? डोंगरात दुसरं काय उरलंय?"

 तिझिरीचा दहा महिन्यांचा अघिलास पलीकडच्या खोलीत खोकला आणि ती उठून गेली.

"मोक्रान आज कशाला येतोय, माहीत आहे ना?" जूहरनं आवाज उतरवला. तिची कुजबुजसुद्धा अंगणापर्यंत जायची.

"मदतीला."

"मदतीला पिकअप रिकामी आणतात. त्यानं मागे गाद्या टाकून आणलीय. मी वळणावर बघितली."

फेरूजाचे हात पिठात तसेच राहिले.

---

कॉफीची किटली घेऊन ती खाली उतरली. ती महिन्याभरानं वाडीत येत होती. सगळी झाडं उभीच होती, पण कोळशाची. सासऱ्यानं लावलेली, नवऱ्यानं जपलेली, तिनं पन्नास हिवाळे ज्यांच्याखाली वाकून फळं वेचली ती झाडं. अकलीनं त्यांतली निम्मी आडवी केली होती. काळ्या सालीच्या आत लाकूड अजून पिवळं, घट्ट होतं.

तिचा दीर बुसाद पाचर मारून ओंडके फोडत होता. सत्तरी उलटली होती, पण कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात देत नव्हता. त्याचा चेहरा काजळीनं माखला होता आणि पांढऱ्या मिशाही करड्या झाल्या होत्या.

"ये गं. बघ, कसा दिसतो? माझ्या लग्नात असा नटलो नव्हतो."

"लग्नात याहून काळा होतास."

"म्हणूनच तर बायकोनं वर्षभर तोंडावरचा पदर वर केला नाही." बुसादनं कप घेतला. "लाकूड चांगलंय. वरून सैतान दिसतंय, पण जळेल झकास. तेल आहे त्यात."

त्यानं ते सहज म्हटलं आणि मग आपण काय बोललो ते कळून तो कपात बघत राहिला.

अकलीनं मशीन बंद केलं. पंचेचाळिशीचा माणूस, पण या तीन महिन्यांत तो बापासारखा दिसायला लागला होता. खांद्यात वाकलेला.

"बुंधे ठेवतोय, येम्मा," तो म्हणाला. "मुळं जिवंत आहेत. हे बघ." त्यानं बुटानं राख बाजूला सारली. बुंध्याच्या पायाशी नखाएवढे दोन हिरवे कोंब होते.

"फळ कधी धरतील?"

"सात-आठ वर्षं."

ती 'बरं' म्हणाली. तेव्हा आपण असू की नाही, हा हिशेब तिच्या मनात आला नाही. तिला एवढंच दिसलं की त्याच्या तळहातांना फोड आले आहेत आणि बरोबर कुणी नाही. त्याची बायको आली नव्हती, मुलगा आला नव्हता.

"पोराला का नाही आणलं?"

"शाळेत त्याला म्हणतात, तुझ्या बापानं काकाला जाळलं." अकलीनं कॉफी एका घोटात संपवली. "मागच्या शुक्रवारी मशिदीत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. गर्दी होती, तरी. इमामानं वळून बघितलं."

"अकली."

"हं."

आता बोल, असं ती स्वतःला म्हणाली. इथं फक्त बुसाद आहे. आज सगळ्यांसमोर सांगते, एवढं तरी त्याला म्हण. तिनं ओठ उघडले. अकली तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत काहीतरी थांबून राहिलं होतं. तो तीन महिने याच एका गोष्टीची वाट बघतोय, हे तिला तेव्हा स्वच्छ कळलं.

"अरे, रास कुठं लावायची?" मागून बुसादनं हाक दिली. "खळ्यावर ना?"

"खळ्यावर," अकली म्हणाला. तो वळला आणि त्यानं मशीनची दोरी ओढली.

फेरूजा किटली घेऊन परत निघाली. सुटल्यासारखं वाटलं तिला. आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याचीच वर चढताना तिला इतकी लाज वाटली की दोनदा थांबावं लागलं.

---

दुपारी अंगणात ताटं मांडली. तिझिरीनं अकलीचं ताट झाकून बाजूला ठेवलं होतं, खाली पाठवायला. पण नमाज उरकून बुसाद फाटकातून आला तो अकलीचं मनगट धरूनच.

"मी आणलंय याला," तो म्हणाला. "ज्याला चालत नसेल त्यानं माझंही ताट उचलावं."

कुणी उचललं नाही. कुणी 'बस' असंही म्हटलं नाही. अकली फाटकाजवळच्या दगडावर टेकला. जूहरनं झाकलेलं ताट नेऊन त्याच्या मांडीवर ठेवलं, त्याच्या तोंडाकडे न बघता. तिझिरीची सात वर्षांची दिह्या मात्र उठली, चमचा घेऊन काकाकडे गेली आणि त्याच्या काळ्या हातांकडे बघत उभी राहिली.

"दिह्या, इकडे ये," मोक्रान म्हणाला.

तिझिरीचा हा मोठा भाऊ सावकाश बोलणारा, नीटनेटका माणूस. त्यानं आल्यापासून इमानानं पाठीवरून लाकडाच्या बारा खेपा खळ्यावर नेल्या होत्या. पण अकलीनं कापलेला एकही ओंडका थेट त्याच्या हातून घेतला नव्हता. त्यानं सगळ्यांची ताटं रिकामी होऊ दिली. पोरांना आत पाठवलं. मग हात पुसले.

"खाला फेरूजा," तो म्हणाला, "तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. माझी बहीण म्हणते, सासूनं मला आईसारखं जपलं. ते मी विसरणार नाही. पण भिंतीची ती रास कुणी आणली, कुणी लावली, सगळ्या गावानं ऐकलं. उद्या बर्फ पडेल, हा दर आठवड्याला 'आईला भेटायला' म्हणून येईल. माझ्या बहिणीनं त्याला कॉफी द्यायची?"

"मी देईन," बुसाद म्हणाला.

"थट्टा नको, दाद्दा बुसाद. दोनच गोष्टी आहेत. माझी बहीण या घरात आहे तोवर अकलीनं या फाटकातून आत यायचं नाही. नाहीतर मी आज तिला आणि पोरांना घेऊन जातो. गाडी उभी आहे."

"घर त्याच्या बापाचं आहे!" बुसादची काठी दगडावर वाजली.

"हे घर ज्याच्या बापाचं होतं असा आणखी एक होता."

 जूहर, जी सकाळी अकलीला बोल लावत होती, तीच आता पदर खोचून पुढे आली. "मोक्रान, पोरं या घरची आहेत. माझ्या बेलाईदची आहेत. गाद्या टाकून न्यायला ती काय बोचकी आहेत?"

"मग भावाला सांग."

"त्याला काय सांगू? त्यानं मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाही केलं," तिझिरी पहिल्यांदाच बोलली. "हसत केलं. बेलाईद नको म्हणत होता आणि तो हसला. मी दारात उभी होते, जूहर."

अकलीनं ताट खाली ठेवलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मी येणार नाही. आजची रास पुरी करतो आणि जातो. तिझिरी, तू कुठं जाऊ नकोस."

एवढं सोपं होतं ते. मोक्राननं मान डोलावली. बुसादनं तोंड फिरवलं. सून राहणार होती, नातवंडं राहणार होती, खळ्यावर दोन हिवाळे पुरतील एवढी लाकडं होती. फेरूजाला फक्त गप्प बसायचं होतं. ती तीन महिने बसली होती तशीच.

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली.

कुणाला ते नीट ऐकू गेलं नाही. ती उभी राहिली.

"रास भिंतीला लाव, असं मी सांगितलं होतं. माझं मनगट मोडलं होतं म्हणून. तो खळ्यावरच उतरवत होता. मी म्हटलं, इथं लाव. आणि वसंतात बेलाईद हलवायला निघाला होता, तर त्यालाही मीच नको म्हटलं. ऐकलंत? अकलीनं माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. आणि मी ठेवू दिलं."

ती थांबली. आता आभाळ कोसळेल, असं तिला वाटलं होतं. कोसळावं असंच वाटत होतं. पण मोक्रान खाली बघत होता, अवघडल्यासारखा. आणि जूहरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं नव्हतं. कीव होती ती.

"आई गं," जूहर म्हणाली. "बस खाली."

"मी खरं सांगतेय!"

"खाला," मोक्रान हळुवारपणे म्हणाला, "आई आहात तुम्ही. तुमच्या जागी माझी आई असती तरी हेच बोलली असती."

"अरे, पण हे खरं आहे!"

"येम्मा." तिझिरी तिच्याजवळ आली. तिनं सासूचे दोन्ही हात धरले. "खरं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बोलला असता. तीन महिने आपण एका अंथरुणावर झोपतोय. मी रात्र रात्र त्याला शिव्या दिल्या आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत होता. खरं असतं तर एवढं तुमच्यानं झालं असतं?"

 झालं होतं फेरूजाच्यानं. रोज झालं होतं.

"आणि वसंतातलं म्हणाल, तर मीच बेलाईदच्या मागे लागले होते, रास हलव म्हणून," तिझिरी पुढं म्हणाली. "तो सकाळी गेला आणि तसाच कामावर निघून गेला. संध्याकाळी मी विचारलं, का नाही हलवलीस? तर म्हणाला, दाद्दाला आवडणार नाही, त्यानं एवढ्या मेहनतीनं लावलीय, राहू दे. स्वतःच्या तोंडानं सांगितलं त्यानं मला. मेलेल्या माणसाचं खोटं करायचं का, येम्मा?"

 फेरूजाला कळलं, बेलाईद काय करून गेला ते. सासू-सुनेत वाकडं नको म्हणून त्यानं भावाचं नाव पुढं केलं होतं. दाद्दा खालच्या गावात राहतो, त्याच्यावर ढकललं तर काय बिघडतं, असा विचार केला असेल त्यानं. हसतच सांगितलं असेल बायकोला.

"अकली," ती ओरडली, "तू सांग यांना! तू तरी सांग!"

सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं. अकली उठून उभा होता. तो आईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर फेरूजानं आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"मीच म्हणालो होतो बेलाईदला, हलवू नको म्हणून," तो म्हणाला. "आणि लावलीही मीच. येम्माच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. तिला झोप नाही."

तो फाटकातून खाली गेला आणि जराशानं मशीन पुन्हा सुरू झालं.

---

ऊन कललं तेव्हा रास पुरी झाली. खळ्याच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळी, वर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. अकलीनं ट्रकचा मागचा फाळका लावला. बुसाद त्याच्या पाठीवर थाप मारून घराकडे गेला. मग फेरूजा एकटीच खळ्यावर आली.

"का खोटं बोललास?"

"ती गेली असती पोरं घेऊन. मला घर आहे, बायको आहे. तुला इथं कोण आहे?" अकलीनं हातांची काजळी पँटला पुसली. "आणि अगदीच खोटं नव्हतं. सांगितलंस तू, पण हात माझे होते. तो नको म्हणत होता आणि मी हसलो."

"तू तेव्हाच सांगायचं होतंस रे."

"मी?" त्यानं तिच्याकडे बघितलं. "मी का सांगायचं, येम्मा? मी वाट बघत होतो. सुतकात बघितली, चाळिसाव्याला बघितली. आज सकाळी कॉफी घेऊन आलीस, तेव्हाही बघितली."

"माझी हिंमत झाली नाही."

"माहीत आहे." तो दार उघडून आत बसला. पण चावी फिरवली नाही. "वसंतातलं खरं आहे? तो हलवायला निघाला होता?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. तिनं ती घेतली नाही.

"हो."

"आणि तू थांबवलंस."

"हो."

अकलीनं समोरच्या काचेतून काळ्या डोंगराकडे बघितलं. "मला वाटायचं," तो म्हणाला, "आपण दोघांनी मिळून केलं. ऑक्टोबरात. चूक झाली. हिवाळा येतो-जातो, कुणाला काय माहीत उन्हाळ्यात काय होईल. एवढ्याचंच ओझं मी उचललं होतं." त्यानं ओठ आवळले. "तो बाही सरसावून निघाला होता, आणि हे तू मला अकरा आठवडे सांगितलं नाहीस. त्या पोरानं खोटं सांगितलं बायकोला, तुझ्यासाठी. मीही आज तेच केलं. दोघांनीही तेच केलं, येम्मा."

"अकली, बाळा..."

"मी येणार नाही आता. मोक्रानच्या अटीमुळे नाही. मला जरा तुझ्यापासून लांब राहू दे."

"किती दिवस?"

"मला नाही माहीत."

त्यानं ट्रक सुरू केला. दरवेळी जाताना तो खिडकीतून वाकून तिच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा. ती काचेशी सरकली. त्यानं आरशात बघत गाडी वळवली आणि वळणाखाली उतरवली. ती तिथंच उभी राहिली, आवाज ऐकू येत होता तोवर आणि त्यानंतरही थोडा वेळ.

---

दिवेलागणीला गारठा पडला. मोक्रान बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून गेला होता, गाद्या होत्या तशाच मागे घालून. जूहरही गेली होती.

आगीनंतर घरात पहिल्यांदाच शेगडी पेटायची होती. तिझिरीनं लोखंडी दार उघडलं, आत काळी लाकडं रचली आणि काडी हातात धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं ती ओढली. ऑलिव्हचं लाकूड लगेच पेटलं. पत्र्याच्या धुराड्यात भुरभुर आवाज सुरू झाला, आणि दोघींनीही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

दिह्या आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. खोली हळूहळू ऊबदार झाली. अघिलासचा खोकला थांबला होता, तो झोपला होता.

तिझिरीनं कांबळं आणून सासूच्या खांद्यांवर घातलं आणि शेजारी टेकली.

"येम्मा, मी तुमच्यावर रागावले नाही," ती म्हणाली. "दुपारी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं, ते मला करायचं नव्हतं. पण ऐकवलं नाही मला. तुम्ही स्वतःच्या अंगावर घेत होता... बेलाईदनं ऐकलं असतं तर त्याला काय वाटलं असतं?" तिनं कांबळं सारखं केलं. "मलाही मुलगा आहे. उद्या त्याच्यावर असं काही आलं तर मीही असंच खोटं बोलेन. कुठलीही आई बोलेल. मी तुम्हाला मनापासून माफ केलंय."

फेरूजा शेगडीच्या दाराच्या फटीतून दिसणाऱ्या लाल रेघेकडे बघत होती. तिला बोलायचं होतं. पुन्हा एकदा, सगळं, पहिल्यापासून. पण आता ते कुणाला सांगायचं, त्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस या जगात उरलेलं असताना, आणि तेही ट्रक घेऊन निघून गेलेलं?

"फक्त एक करा," तिझिरीनं तिचा हात हातात घेतला. "हे पुन्हा बोलू नका. माझ्यासमोर नको, आणि पोरांसमोर तर कधीच नको. त्यांना त्यांची आजी हवी आहे. कबूल?"

मांडीवरच्या दिह्यानं झोपेत कूस बदलली आणि आजीचा झगा मुठीत धरला.

"कबूल," फेरूजा म्हणाली.